तिजोरी

करमाळा हे सोलापूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. कमलाभवानीच्या मंदिरामुळे ते प्रसिद्ध आहे. संध्याकाळ झाली, की येथील सराफ दुकान आवरू लागतो. दागिन्यांचे डबे तो तिजोरीत ठेवतो. जड दार बंद करतो, किल्ली फिरवतो आणि निश्चिंत मनाने घरी जातो.

पूर्वी लोक दागिने व नाणी हंड्यात भरून जमिनीत पुरत किंवा लाकडी संदुकीत ठेवून कुलूप लावत. 'संदूक' आणि 'कुलूप' हे शब्द तुम्हांला ओळखीचे वाटतील. उर्दूतील 'संदूक' आणि 'कुफ्ल' या शब्दांशी त्यांचे नाते आहे. पण लाकूड जळते आणि साधे कुलूप तुटते. धनाचे शत्रू दोन : चोर आणि आग.

अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत कुलपांचा कारखाना काढला. १९०२ साली ते तिजोऱ्याही बनवू लागले.

तिजोरीचे दार जाड पोलादाचे असते. किल्ली फिरवली, की दारातील पोलादी दांडे चौकटीत घट्ट बसतात. त्यामुळे चोराला दार सहज उघडता येत नाही. तिजोरीच्या भिंती दुहेरी असतात. दोन भिंतींच्या मध्ये आग अडवणारा मसाला भरतात. त्यामुळे बाहेरची उष्णता लवकर आत जात नाही. सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते. कागद मात्र सुमारे २३० अंशांनाच पेट घेतो. म्हणून आगीचे खरे भय कागदांना असते.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई बंदरात 'फोर्ट स्टायकीन' या जहाजाला आग लागून भयंकर स्फोट झाले. जहाजातील सोन्याच्या विटा दूरवर उडाल्या. अनेक इमारती जळाल्या. त्या आगीत सापडलेल्या गोदरेजच्या तिजोऱ्यांतील वस्तू मात्र शाबूत राहिल्या, असे त्या कारखान्याच्या इतिहासात सांगितले आहे.

घरातील लोखंडी कपाट म्हणजे तिजोरी नव्हे. त्याचा पातळ पत्रा आगीत लगेच तापतो. आतील खरेदीखत, शाळेचे दाखले जळून जातात. म्हणून अशा कागदांच्या नकला दुसरीकडेही ठेवाव्यात. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवता येतात. तो उघडायला दोन किल्ल्या लागतात : एक बँकेची, एक आपली.

ही आपली किल्ली मात्र नीट सांभाळली पाहिजे. ती उघड्यावर खुंटीला टांगली, तर सर्वांत मजबूत तिजोरीचाही काय उपयोग?