पोलिस्, निगमसभा आणि प्रतिष्ठान

ग्रीक ‘पोलिस्’ या संज्ञेसाठी मराठीत ‘नगरराज्य’ हा प्रतिशब्द रूढ आहे. तो सोयीचा असला, तरी त्यातील ‘राज्य’ या पदाने राजा आणि राजधानी यांची सूचना मिळते. मूळ संज्ञेचा भर मात्र नागरिकसमूहावर आहे. अथेन्सच्या रचनेतून हे स्पष्ट होते. अक्रोपोलिस टेकडीवर देवतेचे स्थान होते. तेथील पार्थेनॉन मंदिर इ. स. पू. ४४७ ते ४३२ या काळात उभे राहिले. पायथ्याशी अगोरा हा बाजाराचा आणि सार्वजनिक व्यवहाराचा चौक होता, तर लोकसभा प्निक्स टेकडीवर भरे. या नगराच्या प्रमुख खुणांत राजवाडा नाही. क्लेइस्थेनीसच्या इ. स. पू. ५०८च्या सुधारणांनंतर नागरिक आपल्या नावासोबत आपल्या ‘देमॉस्’चे, म्हणजे नोंदणीच्या वस्तीचे, नाव सांगू लागला. स्त्रिया, गुलाम आणि बाहेरून येऊन स्थायिक झालेले लोक या सभेबाहेरच होते.

ही संज्ञा दक्षिणापथाला लावली गेली ती ग्रीक भाषेतच. इ. स.च्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या अज्ञातकर्तृक ग्रंथात ‘दखिनाबदेस’ची दोन ख्यातनाम व्यापारपेठा म्हणून नोंद आहे : भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवरील पैठण आणि तेथून पूर्वेस सुमारे दहा दिवसांवरील तगर, म्हणजे आजचे तेर. पैठणहून अकीकासारखे दगड आणि तगरहून कापड गाड्यांतून भडोचला जाई. लक्षणीय बाब ही, की पेठेसाठी ‘एम्पोरिऑन’ हा शब्द योजणारा हा लेखक तगरला ‘अतिशय मोठी पोलिस्’ म्हणतो. सातवाहनांच्या अमलाखालील नगराला ही संज्ञा लाभते, याचे कारण ग्रीक जगातच तिचा अर्थ सैलावला होता. कॉरिंथ इ. स. पू. १४६मध्ये रोमनांच्या हाती पडले होते आणि इजिप्तही इ. स. पू. ३०मध्ये रोमचा प्रांत झाला होता. ‘पोलिस्’ आता निव्वळ मोठ्या शहरालाही पुरेशी होती.

दुसऱ्या शतकातील अलेक्झांड्रियाचा भूगोलवेत्ता टॉलेमी पैठणला ‘सिरो-प्तोलेमाइऑस’ची राजधानी म्हणतो. हा राजा म्हणजे सातवाहन श्री-पुळुमावी. अपरिचित प्राकृत नाम इजिप्तच्या ग्रीक राजघराण्याच्या परिचित नावात बसविले गेले. परके नगर ओळखीच्या शब्दांतूनच दिसते, हा तौलनिक अभ्यासाचा मूळ पेच येथे एका विशेषनामात सामावला आहे.

मग दक्षिणापथात ‘पोलिस्’च्या जवळ जाणारे काय होते? नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जामात उषवदात याचा, वर्ष ४२चा उल्लेख असलेला लेख आहे. त्याने ३,००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले : २,००० दरमहा शेकडा १ आणि १,००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. त्यातून भिक्षूंच्या वस्त्रांचा व अन्य खर्च भागावयाचा होता. हे दान निगमसभेत ऐकविले गेले आणि रीतीप्रमाणे नोंदविले गेले. राजकुळातील व्यक्तीच्या दानालाही नगरसभेची साक्ष आवश्यक वाटली. ही सभा युद्ध वा तह ठरवीत होती, असे मात्र या लेखावरून म्हणता येत नाही. तिचा अधिकार व्यवहाराला विश्वासार्हता देण्याचा होता.

कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तंभलेख या तुलनेची दुसरी बाजू दाखवितात. तेथील अनेक दाते स्वतःला ‘यवन’ म्हणवितात. हा शब्द ‘आयोनिया’शी निगडित असला, तरी त्याचे सर्व धारक ग्रीकच होते असे मानण्याचे कारण नाही. सिहधय यासारखी त्यांची नावे भारतीय वळणाची आहेत, भाषा प्राकृत आहे आणि गावाचे नाव म्हणून येते ते धेनुकाकट. अथेन्सचा नागरिक ज्या जागी आपला देमॉस् लिहीत असे, त्या जागी हे यवन दख्खनमधील एका गावाचे नाव लिहितात.

म्हणूनच पैठण किंवा तगर यांना ‘महाराष्ट्रातील ग्रीक नगरे’ ठरविणारी तुलना फारसे काही देत नाही. माणूस आपल्या नावापुढे कोणते गाव लावतो आणि त्याचा शब्द कोणत्या सभेसमोर खरा ठरतो, हे दोन प्रश्न घेऊन प्निक्स, गोवर्धन आणि कार्ले येथील पुरावे एकत्र वाचले, तर तुलनेला आधार मिळतो. आणि ‘नगरराज्य’ या प्रतिशब्दातून निसटलेला नागरिकही पुन्हा दृष्टीस पडतो.