मिस्त्रींची वही

दुरुस्तीच्या हक्कावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर मोबाइलची दुकानं होती. मी गेले पलूस भागातल्या एका मोटर वायंडिंगच्या दुकानात. उभा ऊस वाळत असताना पंप बंद पडला, तर शेतकऱ्याला दुसरा पंप घ्यायचा विचारही परवडत नाही. जळालेली मोटर त्याला दोन दिवसांत चालू होऊन हवी असते.

दुकान म्हणजे पत्र्याचं शेड, आत वार्निशचा उग्र वास. दारात ओळीनं मोटरी, प्रत्येकीवर खडूनं गावाचं नाव. किर्लोस्करवाडी इथून जवळच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं आणि १९१० मध्ये या माळावर कारखाना आणला. यंत्राला हात घालायचं भय या पट्ट्यात तेव्हापासूनच कमी असावं, असं मला वाटतं.

मिस्त्रींनी एका मोनोब्लॉकचं झाकण काढलं आणि मला आत बघायला सांगितलं. स्टेटरच्या चोवीस खाचांत तांब्याच्या तारा भरलेल्या. बहुतेक गुंडाळ्या कोळशासारख्या काळ्या, पण अधूनमधून काही अगदी कोऱ्या, तांबूस.

"फेज गेला हुता," ते म्हणाले. "शेतकरी म्हणंल ओव्हरलोड झाली. मोटर खोटं बोलत न्हाई."

पुढचा तासभर मी हेच शिकत बसले. तीनपैकी एक फेज गेला, तरी चालती मोटर लगेच थांबत नाही. उरलेल्या दोन फेजवर ती जीव तोडून ओढत राहते, आणि त्यांतला प्रवाह पावणेदोनपटीच्या आसपास चढतो. जोडणी स्टार असेल तर दोन फेजच्या गुंडाळ्या जळतात, तिसरीच्या शाबूत राहतात. डेल्टा असेल तर नेमकं उलटं, एकच जळते. सगळं वायंडिंग सारखंच काळवंडलं असेल तर कमी व्होल्टेज किंवा जादा भार. एकाच खाचेत काळा ठिपका दिसला तर तिथलं इन्सुलेशन फाटलेलं. वैद्यानं नाडी पाहावी तसं मिस्त्री हे जळणं वाचतात आणि मग शेतकऱ्याला सांगतात, आधी स्टार्टर बघ, नाहीतर पुढच्या महिन्यात परत येशील. हे सांगण्यात त्यांचंच गिऱ्हाईक कमी होतं. तरी सांगतात.

मग छिन्नीनं जुनी तार तोडायची, एका गुंडाळीचे वेढे मोजायचे, मायक्रोमीटरनं गेज बघायचा. खाचा साफ करून लेदरॉइड कागद बसवायचा, लाकडी फर्म्यावर नवी गुंडाळी करायची, खाचेत एकेक तार बोटांनी दाबत भरायची, वर बांबूची पाचर. शेवटी वार्निश पाजून भट्टीत सुकवायचं. निघालेलं जुनं तांबं तराजूवर जातं आणि बिलातून वजा होतं.

वेढे आणि गेज हे सगळं वहीत उतरतं. तेलकट, शिवण उसवलेली जाड वही. मोटर कुठली, किती एचपी, किती खाचा, किती वेढे, कुठल्या नंबरची तार. मोटर उघडली की तिची कुंडली हाताला लागते, कुणाची परवानगी लागत नाही. मला या सगळ्या धंद्याचा पाया तिथं दिसला.

या कामातही खोट आहे. जुनी तार लवकर सुटावी म्हणून काही जण स्टेटर उघड्या जाळावर धरतात. त्यानं लोखंडी पत्र्यांमधलं पातळ इन्सुलेशन जळतं आणि दुरुस्त झालेली मोटर आयुष्यभर जादा वीज खाते. मिस्त्री तसं करत नाहीत, म्हणून त्यांना वेळ लागतो आणि दोन पैसे जास्त पडतात. शेजारचा स्वस्त पडतो.

आता दारातल्या रांगेत सौरपंप येऊ लागलेत. 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेत शेतकऱ्याला दहा टक्के हिस्सा भरून पंप मिळतो, अनुसूचित जाती-जमातींसाठी पाचच टक्के. रात्री साप-विंचवाच्या भीतीत पाणी पाजायला जाणं सुटतं. ही मोठी गोष्ट आहे, आणि तिच्याविरुद्ध माझ्या मनात काही नाही. पहिली पाच वर्षं दुरुस्तीची हमी पुरवठादाराची असते. सहाव्या वर्षी कंट्रोलरची पेटी बंद पडली तर? तिच्यातला बोर्ड जळणं वाचू देत नाही. सर्किटचा नकाशा नाही, सुटे भाग बाजारात नाहीत.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. निवडलेल्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारं होती. त्याच वर्षअखेर पोर्टल आलं. फ्रान्समध्ये २०२१ पासून काही वस्तूंवर, अगदी गवत कापायच्या यंत्रावरसुद्धा, ती किती दुरुस्त होऊ शकते याचे दहापैकी गुण छापावे लागतात. आपल्याकडे पेटीतला नकाशा तालुक्याच्या मिस्त्रीला द्यायला लावील असा कायदा अजून नाही. तो सहाव्या वर्षाच्या आत यायला हवा. नंतर आला तर हे दुकान उरलेलं नसेल.

मिस्त्रींचा भाचा आयटीआय करून इथंच बसतो. मामांची वही त्यानं मागच्या बाजूनं लिहायला घेतली आहे. हमी संपलेला एक कंट्रोलर उघडून तो बोर्डाचं चित्र पेन्सिलीनं काढतो आहे, मल्टिमीटरनं एकेक रेघ तपासत. तीन पानं झालीत. कपॅसिटर ओळखले, डायोड ओळखले. मधोमध एक मोठा चौकोन काढलाय आणि तो रिकामा आहे. त्या चिपवरचा नंबर कारखान्यातच घासून काढलेला आहे.