छोट्या मेंदूची मोठी करामत

दोस्तांनो, डोळे मिटा, हात बाजूला पसरा आणि बोट नाकाच्या शेंड्याला लावा. जमलं? मग शाबासकी द्या लहान मेंदूला!

हा लहान मेंदू म्हणजे अनुमस्तिष्क. डोक्याच्या मागच्या बाजूला, मोठ्या मेंदूच्या खाली असतो. आकारानं साऱ्या मेंदूचा जेमतेम दहावा हिस्सा. पण सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्ज इथंच दाटीवाटीनं राहतात!

पहिल्या महायुद्धात (१९१४-१८) इथं जखम झालेले सैनिक डॉ. गॉर्डन होम्स यांनी तपासले. त्यांचे हात लुळे नव्हते, पण नाकाकडे नेलेलं बोट भलतीकडेच जायचं! हालचालीचा हुकूम मोठा मेंदू सोडतो; तोल, वेळ नि नेम लहान मेंदू सांभाळतो. चुकलं की सुधारतो.

म्हणून सायकलवरून पडलात तर हिरमुसू नका. आई-बाबांनो, तुम्हीही रागावू नका. लहान मेंदू धडा गिरवतोय!