दौऱ्यावरचा कच्चा आहार, योग आणि बोटांना येणाऱ्या मुंग्या

"दोन वर्षे शिजवलेले काही खाल्ले नाही, रोज पहाटे योगासने करतो, मग बोटे बधिर का होतात?" एखाद्या तबलावादकाने असे विचारले, तर डॉक्टरांच्या मनात आधी व्हिटॅमिन बी-12 येते.

गावोगावी कार्यक्रम करणाऱ्या कलाकारांना कच्चा आहार सोयीचा वाटतो. फळे, काकडी, भिजवलेले बदाम सोबत नेता येतात, तेलकट जेवण टळते. 'आय ॲम युअर्स' या गाण्याने जगभर पोहोचलेला अमेरिकन गायक जेसन म्राझ याच्या कच्च्या आहाराबद्दल आणि योगाभ्यासाबद्दलही बरेच बोलले गेले. तुम्ही किंवा तुमच्या घरातील कोणी असा प्रयोग करत असेल, तर पुढील गोष्टी जाणून घ्या.

फायदा कुठे, मर्यादा कुठे?

कच्च्या भाज्या-फळांतून तंतू आणि व्हिटॅमिन सी चांगले मिळते. पण शिजवल्याने सगळेच सत्त्व जाते, हा गैरसमज आहे. टोमॅटोतील लायकोपिन आणि गाजरातील बीटा कॅरोटिन शिजवल्यावर व थोड्या तेलासोबत जास्त शोषले जाते.

बी-12 का कमी होते?

हे जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. स्पिरुलिनातील बी-12 बहुतांशी शरीराला उपयोगी नसते. शाकाहारी माणसाला ते दूध, दही, ताक यांतून मिळते. तेही बंद केले की यकृतातील साठ्यावर काम चालते. हा साठा काही वर्षे पुरू शकतो. म्हणून सुरुवातीला छान वाटते आणि त्रास उशिरा दिसतो.

आणखी एक मेख आहे. हिरव्या पालेभाज्यांतून फोलेट भरपूर मिळते. त्यामुळे रक्तक्षयाची खूण झाकली जाऊ शकते, पण मज्जातंतूंची हानी मात्र चालूच राहते. म्हणून 'हिमोग्लोबिन नॉर्मल आहे' एवढ्यावर निश्चिंत राहू नका.

ही लक्षणे अंगावर काढू नका

- दोन्ही तळपायांना किंवा हातांना मुंग्या, बधिरपणा
- अंधारात चालताना तोल जाणे
- जीभ लाल होणे, जळजळणे
- सतत थकवा, विसराळूपणा

वादकाला बोटांचा बधिरपणा रियाजामुळे आला असे वाटते. अंगठा आणि त्याशेजारच्या दोन बोटांना रात्री जास्त मुंग्या येत असतील, तर मनगटात नस दबलेली असू शकते. नेमके कारण तपासणीनेच कळते. बी-12 च्या कमतरतेवर उपचार लवकर झाले तर बहुतेकांना आराम पडतो. फार उशीर झाल्यास काही बधिरपणा कायम राहू शकतो. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा दीर्घकाळ ॲसिडिटीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी जास्त सावध राहावे.

गोळ्या किंवा इंजेक्शन सुरू करण्याआधी रक्त तपासा. नुसते फॉलिक ॲसिड स्वतःहून घेऊ नका.

प्रवासात कच्चे खाताना

2011 मध्ये जर्मनीत कच्च्या मोडांतून ई. कोलाय जिवाणूची साथ पसरली. 50 हून अधिक माणसे दगावली, शेकडो जणांच्या मूत्रपिंडांना इजा झाली. तपासात मेथीच्या बियांचा माग लागला. मोड येण्यासाठी लागणारी ऊब आणि ओल जिवाणूंनाही मानवते.

- मटकी, मेथीचे मोड चांगले वाफवून खा. गर्भवती, वृद्ध आणि लहान मुलांनी कच्चे मोड टाळावेत.
- बाहेरची कापलेली कोशिंबीर नको. केळी, संत्री स्वतः सोलून खा.
- दूध उकळूनच प्या.
- जुलाब झाल्यास ओआरएस घ्या. रक्त पडत असेल, जोरात ताप असेल किंवा लघवी कमी झाली असेल, तर लगेच डॉक्टर गाठा.

योगाचे काय?

योग जरूर करा. ताठरलेली मान-पाठ मोकळी होते, झोप सुधारते. मात्र जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्या. रक्तदाब आटोक्यात नसेल किंवा काचबिंदू असेल, तर शीर्षासन आणि जोरकस कपालभाती टाळा. लांबच्या बसप्रवासात तास-दोन तासांनी उठून चाला, घोटे हलवा.

योगाने शरीर लवचीक होते, पण आहारात नसलेले बी-12 त्यातून मिळत नाही. कच्चा आहार चालू ठेवायचा असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने बी-12 नियमित घ्या आणि वर्षातून एकदा तपासणी करा. ज्या बोटांवर तुमची कला उभी आहे, त्यांच्यासाठी एवढे कराच.