रुतलेली गाडी आणि विजेची यूट

अल्बनीचा हिवाळा म्हणजे बर्फ नव्हे, चिखल. जून ते ऑगस्ट पाऊस रिपरिपत राहतो, इथली चिकणमाती पाणी धरून ठेवते आणि वरून हिरवेगार दिसणारे गवत आतून लोण्यासारखे मऊ झालेले असते. कोट्सव्हिल किंवा डेअरी फ्लॅटला कुणाकडे जेवायला जावे, गाडी गवतावर लावावी, आणि निघताना चाके जागच्या जागी गरगरावीत. अशा वेळी हल्ली कुणीतरी पुढे येतोच, "थांबा, माझी इलेक्ट्रिक यूट आहे, एका झटक्यात काढतो!" हा झटकाच घात करतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

विजेच्या मोटरचा गुण खरा आहे. शून्य वेगापासूनच तिचा पूर्ण जोर मिळतो, क्लच जळण्याची भीती नाही, मुंगीच्या पावलाने ओढता येते. चाक घसरू लागले तर जोर क्षणार्धात कमी होतो. पण ओढ ठरते ती मोटरवर नव्हे, टायर जमिनीला किती धरतो यावर. ओल्या गवतावर ही पकड वजनाच्या फार तर एक तृतीयांश. म्हणजे तीन टनांची, चारही चाके फिरवणारी यूटसुद्धा जेमतेम एक टनाचा जोर लावणार. लष्करी ठोकताळा असा की चाके बुडेपर्यंत रुतलेल्या गाडीला तिच्या वजनाइतकी ओढ लागते, मडगार्डपर्यंत रुतली तर दुप्पट. समोरची गाडी सोळाशे किलोंची असेल तर गणित इथेच फसते. मग यूटही रुतते, बॅटरीच्या वजनामुळे जरा जास्तच, आणि यजमान ट्रॅक्टर शोधायला निघतात!

सगळ्या यूट सारख्याही नसतात. २०२२ मध्ये इथे आलेल्या एलडीव्ही ईटी६० ची फक्त मागचीच चाके जोर लावतात आणि तिची ट्रेलर ओढण्याची मर्यादा १,००० किलो.

तेव्हा यूट खडीच्या किंवा डांबरी रस्त्यावर उभी करावी आणि पट्टा लांब घ्यावा. गावाकडे रुतलेल्या बैलगाडीचे आधी ओझे उतरवत, चाकापुढची माती उकरून दगड-फांद्या घालत, मगच बैलांना हाक देत. तेच इथे. माणसे उतरवा, चाके मोकळी करा, टायरमधली थोडी हवा सोडा, आणि गाडी जिकडून आत आली तिकडेच हळूहळू ओढा. अर्धे काम फावडेच करते.

आता जिवाची गोष्ट. पट्टा ट्रेलरच्या टो-बॉलला कधीही अडकवू नये. तो झटका सोसण्यासाठी बनवलेला नसतो. तुटला तर तोफगोळ्यासारखा सुटतो. ऑस्ट्रेलियात अशाने माणसे दगावली आहेत. गाडी ओढण्यासाठी दिलेल्या हुकालाच पट्टा लावावा, त्याच्या मध्यावर जाड ओले कांबळे टाकावे, आणि बघ्यांनी, विशेषतः मुलांनी, पट्ट्याच्या लांबीहून दूर राहावे. "काही होत नाही हो" म्हणणाऱ्या काकांनीसुद्धा.

रुतलेली गाडीच विजेची असेल तर ती आधी न्यूट्रलमध्ये किंवा टो मोडमध्ये घालावी आणि चिखलाबाहेर येण्यापुरतीच ओढावी. पुढे न्यायची तर सपाट ट्रकवर चढवून. फिरत्या चाकांबरोबर मोटर फिरून वीज तयार करते आणि बिघाड होऊ शकतो.

एवढ्या ओढाओढीत यूटची बॅटरी फारशी उतरत नाही, ती काळजी नको. उजेडाची मात्र करावी. जुलैच्या सुरुवातीला सव्वापाचलाच सूर्य मावळतो, आणि अंधारात पट्टा दिसत नाही.