प्रीकास्ट इमारत? आधी सांधे तपासा

सर्जापूर रोडवर तयार भाग जोडून उभारलेल्या प्रीकास्ट इमारतीत राहणाऱ्यांनो, २०१६ च्या आयएस १८९३ या मानकातल्या भूकंप-नकाशात बंगळूर झोन २ मध्ये, म्हणजे सर्वात कमी धोक्याच्या पट्ट्यात आहे, म्हणून निर्धास्त राहू नका. १९९३ च्या भूकंपात उद्ध्वस्त झालेलं किल्लारीही तेव्हाच्या सर्वात कमी धोक्याच्या झोनमध्येच होतं!

१९८८ च्या आर्मेनियातल्या भूकंपात लेनिनाकानमधल्या प्रीकास्ट चौकटीच्या नऊमजली इमारती धडाधड कोसळल्या, मोठ्या पॅनेलच्या मात्र तगल्या. यात जोडणीचाही मोठा वाटा होता. म्हणून इमारत जुनी होऊ लागली की पॅनेलच्या सांध्यांवर नजर ठेवा: सरळ रेषेत झिरपणारं पाणी, गंजाचे तपकिरी ओघळ, सुटलेला ग्राउट (सांध्यातला भराव). त्यावर नुसता रंग मारून घेऊ नका, प्लीज. बिल्डरकडून जोडण्यांचे नकाशे मागा आणि आयएस १५९८८ या मानकानुसार तपासणी करणारा स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा.