शिंगराची वंशनोंद

उत्तम घोडीस उत्तम शिंगरू झाले, तरी त्याचे कुळ लेखी नसेल तर त्याची किंमत केवळ रूपावरून ठरते. इंग्लंडात जेम्स वेदर्बी यांनी १७९१ साली थरोब्रेड घोड्यांची वंशावळ छापण्यास आरंभ केला. ज्याचे आईबाप वहीत नोंदलेले तोच त्या जातीचा, हा नियम पुढे रूढ झाला. हिंदुस्थानात हे काम पुण्याची स्टड बुक अथॉरिटी ऑफ इंडिया पाहते.

नियम कडक आहेत. घोडी व नर दोन्ही नोंदलेले हवेत. संयोग नैसर्गिकच हवा. कृत्रिम रेतनाचे शिंगरू नोंदले जात नाही. घोडी दाखविल्याची तारीख त्याच दिवशी टिपून ठेवावी. शिंगराचा रंग, टिळा, पायांचे पांढरेपण व भोवरे यांची नोंद घेतात. आपले वाडवडील भोवऱ्यांवरून शुभाशुभ पाहत. येथे तेच भोवरे ओळख पटविण्याच्या कामी येतात. शिवाय जनुकीय तपासणीने आईबापांची खात्री करून घेतात.

म्हणून ज्यांस ही पैदास करावयाची असेल त्यांनी घोडीचे पैसे मोजण्यापूर्वी तिचा दाखला पाहावा. दाखल्यावाचून घेतलेल्या घोडीचे शिंगरू कितीही देखणे निघाले, तरी वहीत त्यास जागा मिळत नाही.